बिनआवाजाचं जेवण

आमच्या रांगेत कुणाच्या घरी किती भाकरी झाल्या, हे सगळ्यांना ऐकू यायचं. दौंडच्या रेल्वे कॉलनीतली ती एका ओळीतली क्वार्टर्स. दोन घरांमधली भिंत वर पत्र्याला टेकतच नव्हती, हातभर फट मोकळी. खोकला, भांडण, लाडीगोडी, काही म्हणजे काही लपायचं नाही. परातीवरची थाप तर नाहीच. आई चुलीपुढं बसली की शेजारी मनातल्या मनात मोजत असणार. आम्हीही त्यांच्या मोजत होतो. त्यात वाईट काही नव्हतं, सवय होती.

पण चौऱ्याहत्तरच्या त्या मे महिन्यात ते मोजणं आमच्या जिवावर आलं.

रेल्वेचा देशभर संप चालू होता. माझे वडील चाकं ठोकायचे. गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्याडब्याशी वाकायचं आणि प्रत्येक चाकावर टोला द्यायचा. चाक धड असेल तर घंटेसारखं वाजतं, तडा असेल तर बद्द बोलतं. हे ओळखणारा कान म्हणजे माझा बाप. त्यांचं नाव पकडायच्या यादीत होतं, कारण संपाच्या पहिल्या दिवशी शेडच्या गेटावर त्यांनी भाषण केलं होतं. भाषण कसलं, चार वाक्यं. त्यातली दोन मी पत्रातनं लिहून पाठवली होती. हे मी कुणाला सांगत नव्हते, पण विसरतही नव्हते.

तेव्हा मी शिरूरला कॉलेजात होते, हॉस्टेलवर राहायचे आणि अभ्यासापेक्षा पत्रकं जास्त लिहायचे. सुट्टीला घरी आले तेव्हा वडील घरात नव्हते. नदीपलीकडं, शिरूर तालुक्यात, वडगाव रासाईला माझ्या मामाच्या मळ्यात लपले होते. घरी आई, मी आणि नऊ वर्षांची धाकटी बहीण. आणि डावीकडच्या रिकाम्या क्वार्टरात नवीन शेजारी आलेला, एक हवालदार. त्याला आमच्या शेजारी कशाला आणून ठेवलंय हे सांगायची गरज नव्हती. त्याआधी तो वर्षभर स्टेशनावर होता, त्यामुळं सगळ्यांना तोंडानं ओळखायचा. माणूस गमत्या. त्याची गंमतच नको वाटायची.

"वहिनी," दुसऱ्याच दिवशी फटीवरून त्याचा आवाज आला, "काल पाच झाल्या, आज सहा. पाव्हणा आलाय व्हय?"

आईचा हात परातीतच थांबला. "पोरगी कॉलेजातनं आली न्हवं का. तिला भूक लागती," ती म्हणाली.

"लागंल की. भाषण लिवायला ताकद लागती."

मी उठले होते. आईनं पिठाच्या हातानं माझा परकर धरून खाली बसवलं.

तेव्हापासून आई रोज मोजून सहा करायची. थापही तशीच, एकसारखी. एखादीचं पीठ चिरलं तर ती परत थापायची नाही, चिरलेलीच भाजायची, कारण परत थापली असती तर भिंतीपलीकडं सात झाल्या असत्या.

मग निरोप आला. गुरुवारी दिवेलागणीला वडील येणार. मागच्या अंगणातनं येतील, जेवतील, तासाभरात माघारी. यायचं कारण असं की गेटावर नोटीस लागली होती: शुक्रवारपर्यंत हजर व्हा, नाहीतर नोकरी गेली. वडिलांनी मामाला सांगितलं होतं, "तिला विचारल्याबिगर मी ठरवनार न्हाई." ती म्हणजे आई. दुसऱ्या कुणाच्या तोंडी निरोप पाठवून ठरवायची गोष्ट नव्हती ही, तोंडावर बघून ठरवायची होती.

सापडले तर सरळ उचलून नेणार. एवढंच होतं आणि एवढं पुरेसं होतं.

आता त्यांना जेवायला काय घालायचं? तांदूळ संपलेला. घरात ज्वारीचं पीठ. पाटसच्या रस्त्यानं एवढं अंतर सायकल मारून आलेल्या आणि तितकंच परत जाणाऱ्या माणसाला चार भाकरी तरी लागतात. सहा आणि चार दहा. दहा थापा! शिळ्या करून ठेवाव्यात तर सकाळची थापही तो मोजतोच. आमच्या तिघींच्या भाकरीतली एकेक काढून ठेवू म्हटलं तर आई म्हणाली, "बारीक पोरीला उपाशी ठिऊन बापाला घालू व्हय? त्यो खाईल का?"

गुरुवारी दुपारी ती मागच्या दारानं बाहेर गेली आणि पदराखाली काहीतरी घेऊन आली. चुलीपाशी बसून तिनं ते बाहेर काढलं. दोन चपटे लंबुळके डबे, वर माशाचं चित्र, प्रत्येकाला एकेक छोटी चावी चिकटवलेली. आणि कागदाच्या पुड्यात पिवळ्या, वाकड्या नळ्या.

"मॅकरोनी," आई जपून म्हणाली. शब्द तिनं वाटेत घोकत आणला होता. "आन् डब्यातली तारली. उकडायचं, कालवायचं, झालं. थापायला नगं, कुटायला नगं. आवाजच न्हाई."

"कुणी दिलं?"

आईनं उजवीकडं मान केली.

उजवीकडं, रांगेच्या टोकाला, शंटिंग इंजिनाचा ड्रायव्हर राहायचा. ख्रिस्ती माणसं. त्याच्या बायकोला सगळी रांग आंटी म्हणायची. तिचा भाऊ बोटीवर होता, तो असले डबे आणून द्यायचा. माणसं कधी वाईट नव्हती. पण ड्रायव्हर संपाच्या चौथ्या दिवशी कामावर गेला होता. आमचा बाप मळ्यात लपलेला आणि हा रोज सकाळी पांढरा टिफिन घेऊन शेडकडं निघायचा, आमच्या दारावरून!

"गद्दाराच्या घरचं?" मी म्हणाले. कुजबुजतच, पण कुजबुजीतसुद्धा ओरडता येतं. "आण्णा संपासाठी रानात झोपतायत आणि तू त्यांना संपफोड्याचं अन्न घालणार?"

"हळू."

"मी नाही खाणार."

"नगं खाऊ. त्येला जास्त हुईल," आई म्हणाली आणि विळी पुढं ओढली.

माझ्या ट्रंकेत शंभर पत्रकं होती. यवतच्या एका शिक्षकांकडं सायक्लोस्टाईल करून एस.टी.नं मीच आणली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे कॉलनीत चिकटवायची होती. माझा राग एवढा की मी ट्रंक उघडली आणि एक पत्रक आईपुढं धरलं. तिला वाचता येत नाही हे त्या रागात लक्षातच राहिलं नाही. तिनं ते धाकटीकडं दिलं. "वाच गं. हळू."

धाकटी बोट ठेवून वाचायला लागली. "संप फोडणाऱ्यांना ओळखा. त्यांच्याशी बोलू नका. त्यांच्या दारात उभे राहू नका. त्यांच्या घरचे पाणीसुद्धा पिऊ नका."

आईच्या हातातला कांदा विळीवरच राहिला.

"पाणी?"

"ते तसं लिहायची पद्धत असते, आई. लोकांना जाग यावी म्हणून."

"म्हाईत हाय मला ती पद्धत." ती माझ्याकडं बघत नव्हती. "वडगावात आडावर माझी आय हंडा घिऊन हुबी ऱ्हायाची. कुनी वरनं वतलं तर पानी, न्हाईतर उन्हात हुबी. ती पद्धत कुनी कागदावर लिवली नव्हती, बाई. तू लिवलीस."

मला उत्तर येत होतं. ते जातीवरून होतं, हे संप फोडल्यावरून आहे, दोन्ही एक नाही. आजही मी तेच म्हणेन. पण बौद्ध घरातल्या पोरीनं ते वाक्य लिहिलं होतं, मान वर करून, पल्लेदार वाक्य जमलं म्हणून खूश होऊन. पत्रक मी ट्रंकेत टाकलं आणि झाकणाचा आवाज झाला.

"वहिनी, काय पडलं?" फटीवरून.

"ट्रंक, भाऊ. पोरगी पुस्तकं काढतीया."

स्वयंपाक कसा केला ते सांगते, कारण तसा स्वयंपाक मी पुन्हा कधी पाहिला नाही. चूल नाही, लाकडं तडतडतात. पंपाचा स्टोव्ह तर सबंध रांगेला ऐकू जाणार. आईनं वातीचा जुना स्टोव्ह कोपऱ्यातनं काढला. पातेल्यावरची झाकणी वाफेनं थरथरते, म्हणून झाकणीखाली ओलं फडकं. पळी लाकडी. लसूण ठेचला नाही, विळीवर धरून नखाएवढा चिरला. फोडणी चुरचुरते, तर तेल गार असतानाच त्यात कांदा घातला आणि मग खालची वात हळूहळू मोठी केली. कांदा एक अक्षर न बोलता शिजला. वीस वर्षं फोडणीच्या आवाजावर स्वयंपाक करणारी बाई, त्या दिवशी फक्त वासावर करत होती, नाक सारखं पातेल्याकडं.

आंटीनं सांगितलं होतं, पाणी आधी उकळू दे, मग नळ्या टाक. आईनं भातासारख्या गार पाण्यातच टाकल्या. त्या बुडाशी एकमेकींना चिकटल्या आणि एक गोळाच झाला. बोटं भाजत तिनं त्या सुट्या केल्या, जेवढ्या झाल्या तेवढ्या. मग पाणी फेकून द्यायचं, असंही आंटीनं सांगितलेलं.

"फेकायचं? मे महिन्यात?" आई म्हणाली आणि ते पांढरं दाट पाणी तिनं तपेल्यात ओतून झाकून ठेवलं. मोरीत ओतलं असतं तर आवाजही झाला असता.

चावीनं डबा उघडायचं काम धाकटीनं मागून घेतलं. चावी फिरवली की पत्र्याची पट्टी गुंडाळत जाते, कुईसुद्धा करत नाही. आत टोमॅटोच्या लाल रसात चार तारल्या एकीला एक लागून निजलेल्या. आईनं त्या कांद्यावर उलट्या केल्या, वर चमचाभर काळा मसाला, आणि मग नळ्या. दुसरा डबा तिनं बाजूला ठेवला, वडिलांबरोबर द्यायला.

मासळीच्या वासाची भीती नव्हती. तो वास आंटीच्या घरातनं बारा महिने येतो.

सात वाजायला आले. दार-खिडक्या बंद, पत्रा तापलेला, तिघी घामानं निथळत बसलो होतो. पुढं हवालदार बाजेवर बसून रेडिओ ऐकत होता. आईनं धाकटीला सांगितलं, "पाढे म्हन. मोठ्यानं. मी थांब म्हनंपर्यंत." बोलण्याचा आवाज दाबायला.

धाकटीनं एकोणीसचा धरला.

"सुट्टीतबी पाढं?" पलीकडनं हसणं. "पोरीला कलेक्टर करताय जनू."

मागची कडी हलली नाही, आईनं ती आधीच काढून ठेवली होती. दार वीतभर उघडलं आणि वडील आत आले. दाढी वाढलेली, खांद्याला पिशवी, पायांत वहाणा नव्हत्या, त्या हातात होत्या. सायकल मालधक्क्यामागच्या बाभळीत. माझ्याकडं बघून त्यांनी नुसती मान हलवली, धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला. पोरगी पाढा न थांबवता रडायला लागली. "एकोणीस नव्वे एकशे एकाहत्तर" हे तिनं ज्या आवाजात म्हटलं, तसा पाढा कुणी म्हटला नसेल.

ताटं तीन वाढली. वडिलांचं, धाकटीचं, आणि आईनं स्वतःचं. आई कधी त्यांच्याबरोबर जेवायला बसायची नाही, त्या दिवशी बसली. मी भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभी. माझं ताट मांडणीवर कोरडं.

"हे काय?" वडील कुजबुजले.

"इंग्रजाच्या शेवया," आई म्हणाली.

त्यांना हसू आलं. ते त्यांनी घासाबरोबर गिळलं. मग भराभर खाऊ लागले, चार बोटांनी गोळा करून, जसं कामावर दोन गाड्यांच्या मधे खायचे तसं. धाकटी सव्वीसच्या पाढ्यावर आली होती. अर्धं ताट संपल्यावर त्यांनी मान वर केली.

"उद्याची नोटीस हाय. काय करू?"

माझ्याकडं भाषण तयार होतं. दोन दिवस तयार केलेलं. त्यांनी मला विचारलंच नाही.

आईनं पाण्याचा तांब्या त्यांच्याकडं सरकवला. "तुमी पोटभर जेवा," ती म्हणाली, "आन् माघारी जावा. नोकरी ऱ्हायली तर ऱ्हायली. न्हाई ऱ्हायली तर आपलं आपन बघू. मान खाली घालून त्या गेटातनं आत गेलात तर मला तुमचं तोंड रोज बघावं लागंल."

झालं. चार वाक्यांत. मला वाटतं त्या क्षणी त्यांच्या अंगातनं सगळी भीतीच गेली. त्यामुळंच पुढचं झालं. आईनं दुसरा डबा त्यांच्या हातात दिला, वाटेत खायला. डब्याला एका बाजूला पोचा होता. त्यांनी तो दिव्याकडं धरला, फिरवला, आणि मसाल्याचा चमचा उचलून डब्यावर टोला दिला. दोन जोडून, जरा थांबून एक.

टक्-टक्. टक्.

तीस वर्षांचा हात होता तो. मडकं, नारळ, कलिंगड, पितळेचा नवा तांब्या, हाताशी आलेली कुठलीही गोष्ट ते अशीच ठोकून बघायचे. दोन जोडून, थांबून एक. कॉलनीतलं शेंबडं पोरसुद्धा हा टोला ओळखायचं. फलाटावर रोज उभा राहणारा हवालदार ओळखणार नव्हता?

धाकटी "एकोणतीस साते" म्हणून थांबली.

पलीकडं रेडिओ बंद झाला. बाज कुरकुरली.

वडिलांच्या हातात चमचा तसाच. त्यांच्या चेहऱ्यावर मी तेव्हा जे पाहिलं ते मला लिहिता येत नाही. आयुष्यभर दुसऱ्याचे तडे शोधणाऱ्या माणसाला आपण काय केलं ते कळलं होतं.

तेवढ्यात उजव्या भिंतीपलीकडं दणदणाट सुरू झाला. तव्यावर काहीतरी आपटल्यासारखा. ठण्, ठण्, ठण्ण! आणि आंटीचा आवाज, सबंध रांगेला ऐकू जाईल असा: "ये सड़ेला डब्बा खुलताच नाय! चावी तोडके दिया! हातोडी किधर हाय?" ठण्! ठण्!

आईनं डबा वडिलांच्या पिशवीत कोंबला, वहाणा त्यांच्या हातात दिल्या आणि त्यांना मागच्या दाराकडं ढकललं. मी दारापर्यंत गेले. अंगण सामाईक होतं. आंटीचं मागचं दार सताड उघडं, आणि उंबऱ्यात ड्रायव्हर उभा, बनियनवर. टोकाच्या त्या घराला आणखी एक दार होतं, मालधक्क्याच्या गल्लीत उघडणारं. वडील थबकले. दोघं एकमेकांकडं बघत राहिले, एक चाकं तपासणारा आणि एक त्या चाकांवर इंजिन चालवणारा. मग ड्रायव्हर बाजूला सरकला. वडील वाकून आत गेले. दार लागलं.

आमच्या पुढच्या दाराची कडी वाजली.

"वहिनी, उघडा."

मी वळले. जमिनीवर तीन ताटं. आईचं, धाकटीचं, आणि तिसरं अर्धं खाल्लेलं. घरात माणसं तीन. आई दाराकडं गेली, जाताना माझ्याकडं बघितलं आणि नजर त्या ताटाकडं नेली. मी वडिलांच्या ताटावर जाऊन बसले. पाट अजून गरम होता.

हवालदार दारात उभा राहिला. त्यानं आधी माणसं मोजली, मग ताटं. मोजण्यात तो तयार होता.

"कोन ठोकत हुतं?"

"शेजारीण डबा फोडतीया की, भाऊ. ऐका," आई म्हणाली. ठण्!

"ते मागनं. पैलं हितं वाजलं."

"मी वाजवलं," मी म्हणाले.

"तू? वाजव बरं."

समोर डबा होता, पण रिकामा. भरलेला डबा बापाबरोबर गेला होता. भरलेला आणि रिकामा वेगळं बोलतो हे मला न कळायला मी कुणाची पोरगी? पण दुसरं काही नव्हतं. चमचा उचलला. दोन जोडून, थांबून एक.

टण्-टण्. टण्.

हवालदार मान वाकडी करून ऐकत होता. "ह्यो त्यो आवाज न्हवं."

"तेव्हा भरलेला होता," मी म्हणाले. "आता आम्ही खाल्ला."

तो हसला नाही. उंबऱ्यावर टेकला, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि माझ्या ताटाकडं बोट केलं. "खाल्ला म्हनतीस आन् ताटात तर अजून हायच. जेव की. गार हुईल."

मी खाल्लं.

जे अन्न गद्दाराचं म्हणून मी शिवणार नव्हते, ते बापाच्या उष्ट्या ताटात, पोलिसासमोर, एकेक नळी करून खाल्लं. मुद्दाम हळू खाल्लं. जेवढा तो इथं बसेल तेवढा बाप पुढं जाईल, एवढंच डोक्यात. आणि खरं सांगते, चव चांगली होती. आंबट, तिखट, मासळीचा तेलकट गोडवा. एवढं चांगलं लागलं की मला त्याचाच राग आला.

"मासं हाय न्हवं? कसं लागतंय?" हवालदार.

"चांगलं लागतंय."

"आन् बाप कुठं हाय?"

"संपावर."

धाकटीनं कुणी न सांगता पुढचा पाढा सुरू केला.

ताट संपलं तेव्हा तो उठला, घरातनं सरळ मागच्या अंगणात गेला. तिथं आंटी मोरीशी तवा घासत होती. तिचा आवाज आला, "क्या देखता? ये औरत लोग का आंगन हाय." तो परत आला. माझ्यापुढचा रिकामा डबा उचलला, नखानं एकदा वाजवला, खाली ठेवला.

"उद्या किती भाकरी, वहिनी?"

"मोजा की तुमी," आई म्हणाली.

त्याला कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. कळलं असेल आणि सोडलं असेल तर त्याचं त्याला. त्याचं कौतुक करायला मी ही गोष्ट लिहीत नाही.

सकाळी आईनं चूल पेटवली आणि परात जमिनीवर नीट टेकवून थापायला बसली. जोरात. मागचे पंधरा दिवस जशी हळू थापायची तशी नाही, पूर्वीसारखी. सहा झाल्या. सातवी. आठवी.

"आठ?" भिंतीपलीकडनं.

"दोन शेजारी द्यायच्यात, भाऊ. लोकाच्या घरनं खाल्लं तर मोकळ्या हातानं कसं बसायचं?"

भाकरी फडक्यात बांधून तिनं माझ्याकडं दिल्या. "पुढच्या दारानं जा," ती म्हणाली. "मागच्या न्हाई."

म्हणजे सगळ्या रांगेसमोरनं. मी ट्रंक उघडली, पत्रकं काढली आणि पेन घेऊन बसले. शंभरच्या शंभर पत्रकांतली पाण्याची ओळ खोडली. खाली काय लिहिलंय ते वाचता येऊ नये इतकी गच्च. बाकीचं तसंच ठेवलं. यवतच्या मंडळींनी नंतर मला त्यावरून फैलावर घेतलं. मी सांगितलं, ओळ माझी होती, मी खोडली. चिकटवायला खळ हवी होती. तपेल्यातलं मॅकरोनीचं पाणी रातभरात घट्ट होऊन बसलं होतं. चमचा उभा राहील इतकं.

तपेलं उंबऱ्याशी ठेवून आंटीच्या दारात मी भाकरी दिल्या. ड्रायव्हर टिफिन घेऊन निघायच्या बेतात होता.

"मालधक्के तक मै साथ गया," तो हळूच म्हणाला. "सायकल पे बैठते देखा. गया सीधा पाटस की तरफ."

मी दाराच्या चौकटीला टेकले. आंटीनं ते बघितलं. आत गेली, पाण्याचा पेला घेऊन आली. शेजारच्या दोन-तीन बाया दारात उभ्या होत्या, सगळ्या बघत होत्या. मी तिथंच, उंबऱ्यात उभी राहून, तो पेला संपवला.

"आज ड्यूटीवर जाणार?" मी विचारलं.

"जायेगा," तो म्हणाला. खाली बघून म्हणाला, पण म्हणाला.

"मग मी तुमच्या दारावर हे लावणार."

त्यानं माझ्या हातातलं पत्रक बघितलं, तपेलं बघितलं. आंटीनं दाराचं एक फळकूट ओढून धरलं, हलू नये म्हणून.

"लगाव," ड्रायव्हर म्हणाला आणि टिफिन घेऊन शेडकडं निघून गेला.

मी बोटांनी खळ फासली. पहिलं पत्रक त्या दारावर लावलं.